किरणोत्सर्गी आपत्ती आणि वैद्यकीय स्वयंसेवक

1987 सालच्या सप्टेंबरअखेर ब्राझीलमधील गोयानिया शहरात किरणोत्सर्गी सीझियम भर वस्तीत पसरल्याचे उघडकीस आले, आणि पुढील काळात तेथील ऑलिंपिक मैदानावर सुमारे 1,12,000 नागरिकांची एकेक करून तपासणी करण्यात आली. त्यांपैकी 249 जणांच्या अंगावर अथवा शरीरात ते द्रव्य सापडले, 20 जणांना रुग्णालयात ठेवणे भाग पडले आणि चौघे दगावले. किरणोत्सर्गाच्या आपत्तीविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्याचा बहुतेक सारा रोख या शेवटच्या दोन आकड्यांवर असतो. मज्जारोपण, दुर्मीळ औषधे, शिशाच्या भिंती आणि मुखवटेधारी तज्ज्ञ हाच काय तो विषय, असे मानण्याची वहिवाट पडून गेली आहे. परंतु उरलेल्या लाखाहून अधिक माणसांचे काय? त्यांना रांगेत कोणी उभे करावे, त्यांच्या अंगावरून मापक कोणी फिरवावा, त्यांची नावनिशी कोणी लिहून घ्यावी आणि तुम्हाला काही झालेले नाही हे त्यांना पटेल अशा रीतीने कोणी सांगावे? कोणत्याही देशात, मग तो कितीही संपन्न असो, पगारी तज्ज्ञांची संख्या हे काम उरकण्याइतकी नसते. ते शेवटी येऊन पडते परिचारिका, खासगी वैद्य, औषधविक्रेते, क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी यांच्या अंगावर; आणि या मंडळींची आगाऊ तयारी कितपत असते, याचा विचार मात्र फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे, कारण स्वयंसेवकाच्या मनातील निम्मी भीती त्यातूनच उपजते. किरणांच्या माऱ्यात सापडलेला माणूस आणि किरणोत्सर्गी धूळ अंगावर बसलेला माणूस ही दोन निराळी प्रकरणे आहेत. पहिला कितीही आजारी असला तरी क्ष-किरणांखाली छाती दाखवून आलेल्या माणसाइतकाच इतरांना निरुपद्रवी असतो. त्याच्यापाशी बसल्याने, त्याला शिवल्याने कोणाला काही होत नाही. दुसऱ्याच्या अंगावरील धूळ मात्र रंगपंचमीच्या कोरड्या रंगासारखी कपड्यांवर, केसांत, नखांत बसलेली असते व हातोहात पसरते. पण त्यावरचा इलाजही तितकाच साधा आहे: वरचे कपडे काळजीपूर्वक उतरवून पिशवीत बंद केले की बाह्य दूषणाचा फार मोठा भाग, बहुधा 90 टक्क्यांच्या आसपास, त्यांच्याबरोबरच निघून जातो, आणि राहिलेले कोमट पाणी व साबण यांनी धुतले जाते. म्हणूनच जगभरच्या मार्गदर्शिकांचा पहिला नियम असा की, ज्याचा रक्तस्राव होतो आहे किंवा श्वास अडला आहे त्याच्यावर आधी उपचार करावेत आणि दूषणाचा विचार नंतर करावा. सर्वसाधारण रुग्णालयीन दक्षता पाळणाऱ्या परिचारिकेला अशा रुग्णापासून होणारा अपाय अत्यल्प असतो. हा नियम वाचायला सोपा आहे. रुग्णालयाच्या दाराशी रुग्णवाहिका येऊन थांबली असता तो आठवणे सोपे नसते.

अशा आपत्तीतील मदतीचे शास्त्र मुळातच अपघाताने जन्मले. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा शहरातील बहुसंख्य डॉक्टर व परिचारिका क्षणार्धात मृत अथवा जखमी झाल्या, आणि जे हाती-पायी धड राहिले त्यांना आपण कशाशी झगडतो आहोत याची गंधवार्ताही नव्हती. तेथील रेड क्रॉस रुग्णालयाच्या तळघरात ठेवलेल्या क्ष-किरणांच्या कोऱ्या काचा आपोआप काळवंडलेल्या आढळल्या, तेव्हा कोठे काही विपरीत घडल्याचा संशय बळावला. आसपासच्या गावांतून वैद्य मदतीला धावून आले; आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे मार्सेल जुनो हे सप्टेंबरच्या आठव्या तारखेस सुमारे 15 टन औषधसामग्रीसह तेथे पोहोचले. मदत ही बाहेरूनच येते, कारण आतील यंत्रणा आपत्तीबरोबरच कोसळलेली असते, ही गोष्ट त्या दिवसांत सिद्ध झाली. आणि बाहेरून येणाऱ्याला जर आपण कोणत्या मुलखात शिरतो आहोत हे ठाऊक नसेल तर तो मदतनीस न राहता आणखी एक आपद्ग्रस्त होऊ शकतो, हीसुद्धा.

यानंतरच्या प्रकरणांत ज्याचा अभ्यास स्वयंसेवकाने मुळापासून करावा असे एकच निवडायचे झाले, तर मी निःसंशय गोयानियाचेच नाव घेईन. एका सोडून दिलेल्या दवाखान्यात कर्करोगावरील उपचाराचे यंत्र तसेच पडून होते. भंगाराच्या आशेने दोघांनी ते फोडले आणि आतील सीझियमची अंधारात निळसर चमकणारी भुकटी हातोहात शेजारीपाजारी, आप्तेष्टांत, मुलाबाळांत वाटली गेली. माणसे आजारी पडू लागली तेव्हा वैद्यांना उष्ण प्रदेशातील एखाद्या रोगाची शंका आली. अखेर ते विकत घेणाऱ्या भंगारवाल्याच्या पत्नीने, या वस्तूमुळेच घरची माणसे आजारी पडत आहेत असे मनाशी ठरवून, ती वस्तू पिशवीत घालून बसने आरोग्यखात्याच्या कचेरीत आणून ठेवली. त्याच सुमारास त्या शहरात सहज आलेल्या एका वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला एका ओळखीच्या डॉक्टरने, हे काय प्रकरण आहे ते पाहता का, असे विचारले. त्याच्यापाशी मापक नव्हता. युरेनियमचा शोध घेणाऱ्या एका सरकारी संस्थेच्या तेथील कचेरीतून त्याने तो उसना घेतला, वाटेत सुरू केला, आणि कोणत्याही दिशेला वळवला तरी काटा टोकालाच जाऊन बसतो असे पाहून, उपकरण बिघडलेले दिसते, या समजुतीने परत जाऊन दुसरे आणले. दुसऱ्याचाही काटा तेथेच गेला. तो कचेरीपाशी पोहोचला तेव्हा अग्निशामक दलाचे लोक ती वस्तू उचलून नदीत टाकण्याच्या बेतात होते. त्याने त्यांना परावृत्त केले.

या माणसाला कोणाचा हुकूम नव्हता, नेमणूक नव्हती, भत्ता नव्हता; वैद्यकीय स्वयंसेवकाचे जे लक्षण सांगता येईल ते त्याच्या ठायी पुरेपूर होते, म्हणजे विषयाचे ज्ञान, योग्य ठिकाणी ओळख आणि विचारल्याबरोबर उठून जाण्याची वृत्ती. पण त्याच्या यशाचे श्रेय केवळ त्याला देऊन भागणार नाही. उपकरण कोणाकडे मागावे हे त्याला माहीत होते, आणि कोणाला विचारावे हे त्या डॉक्टरला. ही दोन माहितीची टोके त्या दिवशी योगायोगाने जुळली. पूर्वतयारी म्हणतात ती दुसरे काही नसून असा योगायोग आधीच घडवून ठेवण्याची तजवीज होय.

मैदानावरील तपासणीची कथा याहून कमी बोधप्रद नाही. तपासणीसाठी आलेल्या पहिल्या 60,000 लोकांपैकी सुमारे 5,000 जणांना मानेवर व छातीवर पुरळ, उलट्या, जुलाब अशी लक्षणे होती, जी किरणोत्सर्गाच्या आजाराशी मिळतीजुळती होती. आणि तरीही त्यांच्या अंगावर किरणोत्सर्गी द्रव्याचा लवलेश नव्हता. भीतीने शरीर असे फसवते. इतर प्रांतांत त्या शहराच्या रहिवाशांना हॉटेले जागा नाकारू लागली, तेव्हा ‘दूषण नाही’ असे लेखी दाखले हजारोंना द्यावे लागले. मृतांच्या अंत्ययात्रेवर दगड भिरकावण्यापर्यंत मजल गेली. ज्याला आपण तांत्रिक तपासणी समजतो ती त्या मैदानावर प्रत्यक्षात एक सामाजिक क्रिया होती, आणि मापक फिरवणाऱ्याच्या हातातील दाखल्याला औषधाइतकेच मोल आले होते.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते जवळून पाहू. तपासणाऱ्याने मापकाचे तोंड माणसाच्या अंगापासून दोन-तीन सेंटिमीटरांवर धरून डोके, चेहरा, खांदे, तळहात, छाती, पाठ आणि पायांचे तळवे यांवरून संथपणे, सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्याच वेगाने न्यायचे असते; घाई केली तर आकडा वर चढण्यापूर्वीच हात पुढे सरकलेला असतो. मापक अंगाला टेकला की तोच दूषित होतो आणि त्यापुढील प्रत्येक माणूस दूषित ठरतो. म्हणून अनुभवी लोक त्याला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि मधूनमधून कोऱ्या जागेचे माप घेऊन पाहतात. ज्यांच्या अंगावर काही आढळेल त्यांना धुण्याच्या जागेकडे न्यायचे, तेथे त्वचा घासून लाल करायची नाही, कारण खरचटलेल्या त्वचेतून द्रव्य आत शिरते. जखमा झाकायच्या, केस धुताना पाणी डोळ्यांत-तोंडात जाऊ द्यायचे नाही, आणि मग पुन्हा मोजायचे. एका टेबलाशी बसलेल्याने नाव, पत्ता, त्या दिवशी तो माणूस कोठे होता व किती वेळ होता हे लिहायचे. उलटी झाली असेल तर किती वाजता झाली, हा प्रश्न तर सोडायचाच नाही; कारण मारा बसल्यापासून उलटीपर्यंतचा काळ जितका थोडा, तितकी मात्रा मोठी असण्याचा संभव अधिक, आणि दुर्गम ठिकाणी रक्ताच्या तपासणीपूर्वी हाच एक सुगावा हाती असतो. यातील एकही काम असे नाही की जे तरबेज परिचारिकेला अथवा शिकाऊ वैद्याला अर्ध्या दिवसात शिकवता येऊ नये. मात्र तो अर्धा दिवस आपत्तीच्या आधी यावा लागतो.

लोक येतील का, हा प्रश्न उपस्थित केला म्हणजे काही मंडळी दुखावतात. वैद्यकीय पेशातील माणूस कर्तव्य सोडून पळेल काय, असे विचारतात. उपलब्ध पुरावा मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. 1979 साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत बिघाड झाला, तेव्हा सुमारे 1,44,000 लोक स्वतःहून घरे सोडून गेले आणि त्यांत आसपासच्या रुग्णालयांतील डॉक्टर-परिचारिकाही होत्या. न्यूयॉर्क शहर व परिसरातील 6,428 आरोग्यकर्मचाऱ्यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मोठा अपघात होऊन अनेक जखमी आल्यास कामावर हजर होऊ, असे 86 टक्क्यांनी सांगितले. प्रसंग किरणोत्सर्गाचा असल्यास तसे सांगणारे 57 टक्केच निघाले. माझ्या मते हा भित्रेपणाचा नव्हे, अज्ञानाचा हिशेब आहे. घरी लहान मूल आहे, त्याला काय होईल? माझ्या अंगावरून काही घरी जाईल का? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला आधी मिळाली आहेत तो बहुधा येतो.

2011 च्या मार्चमध्ये फुकुशिमात याचे कडू प्रत्यंतर आले. जपानने 2005 साली आपत्तीकाळी तातडीने धावून जाणारी वैद्यकीय पथके उभी केली होती, आणि भूकंपानंतर ती तत्परतेने निघालीही. पण त्यांची घडण पहिल्या 48 तासांतील जखमींसाठी झालेली होती, किरणोत्सर्गासाठी नव्हे. अणुभट्टीच्या इमारतीत स्फोट झाल्यावर जपानी रेड क्रॉसच्या काही पथकांनीही, अशा प्रसंगीचे प्रशिक्षण व साधने नसल्याने, काही काळ तेथून माघार घेतली. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ज्या शिपायाला शस्त्र दिले नाही त्याला रणातून परतल्याबद्दल जाब विचारता येत नाही. पण त्या पोकळीत जे घडले ते विसरता येण्याजोगे नाही. भट्टीच्या 20 किलोमीटरांच्या आतील रुग्णालये व वृद्धाश्रम रिकामे करण्यात आले, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना वैद्यकीय सोबतीशिवाय बसमध्ये बसवून तासन् तास हलवण्यात आले. मार्चअखेरपर्यंत अशा किमान 60 रुग्णांचा मृत्यू झाला. किरणोत्सर्गाने त्यांपैकी एकही गेला नाही. त्यांना हवे होते सलाइनची बाटली धरणारा, कूस बदलणारा, तोंडात घोटभर पाणी घालणारा कोणी सोबती. ही उणीव भरून काढणे स्वयंसेवकांना अशक्य नव्हते, आणि बसमधल्या सोबतीसाठी अणुविज्ञानाचे पंडित व्हावे लागत नाही.

त्याच प्रांतात मे महिन्याच्या अखेरपर्यंत सुमारे 2 लाख लोकांची मापकाने तपासणी झाली. सुरुवातीस दूषणाची जी मर्यादा ठरवली होती, मिनिटाला 13,000 ठोके, ती काही दिवसांतच 1,00,000 पर्यंत वाढवावी लागली, कारण थंडीच्या कडाक्यात आंघोळीला पाणी नव्हते आणि बदलायला कपडे नव्हते. मर्यादा बदलण्याचे कारण शास्त्रीय नसून बादलीभर पाण्याचे होते, हे वाचताना नियोजनकर्त्यांच्या जाडजूड अहवालांविषयी मनात थोडा खट्याळ विचार येतो.

स्वयंसेवेच्या आणखी एका प्रकाराचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा अपुरा राहील. चेर्नोबिलच्या अपघातानंतर अमेरिकन वैद्य रॉबर्ट गेल आपण होऊन मॉस्कोला गेले आणि तेथे 13 रुग्णांवर मज्जारोपण झाले. त्यांतील बहुतेक दगावले, आणि त्या उपचाराचा लाभ फारच मर्यादित होता असे पुढे तज्ज्ञांचे मत पडले. जगभरच्या वृत्तपत्रांनी हा वृत्तांत रकानेच्या रकाने छापला. त्याच आठवड्यात शेजारच्या पोलंडमध्ये शाळा, बालवाड्या, दवाखाने आणि औषधांची दुकाने यांच्याद्वारे सुमारे 1 कोटी 5 लाख मुलांना व 70 लाख प्रौढांना स्थिर आयोडाइडची मात्रा देण्यात आली, ज्यायोगे गळ्यातील ग्रंथी किरणोत्सर्गी आयोडीन शोषून घेण्यापूर्वीच तृप्त व्हावी. गंभीर उपद्रव झाल्याचे तुरळकच आढळले. या औषधाचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो. किरणोत्सर्गी ढग येण्यापूर्वी अथवा आल्यावर काही तासांच्या आत ते पोटात गेले पाहिजे, नंतर ते निरुपयोगी. एवढ्या मात्रा वाटण्यास जी हजारो माणसे लागली त्यांची नावे कोठे छापली गेली नाहीत, आणि तरीही या दोन उद्योगांपैकी लोककल्याण कोठे अधिक साधले, याविषयी मला शंका नाही.

कायद्याने स्वयंसेवकाचे स्थान काय? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आपत्तीविषयक आवश्यकतांच्या संहितेत पगारी आपत्तीकर्मचारी आणि आपण होऊन मदतीस आलेला नागरिक असा भेद केला असून, दुसऱ्या वर्गातील माणसाची नोंद व्हावी, त्याला धोक्याची माहिती द्यावी, त्याच्या मात्रेवर लक्ष ठेवावे आणि मात्रा 50 मिलिसीव्हर्टच्या (हे किरणांच्या मात्रेचे माप) पलीकडे जाण्याचा संभव असलेले काम त्याला देऊ नये, असे ठरवले आहे. तुलनेसाठी सांगायचे तर भारतात किरणांशी संबंधित व्यवसायातील माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, तर निसर्गतःच प्रत्येकाच्या वाट्याला जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसीव्हर्ट दरसाल येत असतात. तपासणी केंद्रात मापक फिरवणाऱ्याची मात्रा या मर्यादांच्या जवळपासही जाण्याचे कारण नसते. अमेरिकेने सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर, बोलावणे नसताना घटनास्थळी लोटलेल्या डॉक्टरांचा गोंधळ पाहून, पुढच्याच वर्षी वैद्यकीय राखीव दलाची योजना काढली: नाव आधी नोंदवा, परवान्याची रुजवात आधी करा, ओळखपत्र आधी द्या. पुढे किरणसंरक्षणाचे ज्ञान असलेल्यांची निराळी स्वयंसेवी पथकेही काही राज्यांत उभी राहिली. हे कारकुनी काम कंटाळवाणे खरे, पण त्याशिवाय दारात उभा असलेला माणूस डॉक्टर आहे की नुसताच उत्साही बघ्या, हे ओळखण्याचा उपाय नसतो.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने फेब्रुवारी 2009 मध्ये आण्विक व किरणोत्सर्गी आपत्तींविषयीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि पुढच्याच वर्षी दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात त्यांची कसोटी लागली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1985 पासून विनावापर पडून असलेले कोबाल्टचे उपकरण लिलावात विकले गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले. एक जण दगावला आणि अनेकांना इस्पितळात दाखल व्हावे लागले. येथे प्रथम संशय आला तो उपचार करणाऱ्या वैद्यांनाच. थायलंडमध्ये 2000 साली असेच घडले होते. म्हणून भाजल्याचा प्रसंग आठवत नसताना भाजलेली त्वचा, एकाच घरातील अनेकांना उलट्या, अकारण गळणारे केस, या गोष्टी एकत्र दिसल्या तर कोठे दूरध्वनी करावा, हे नाक्यावरच्या वैद्याला माहीत असणे ही या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पूर्वतयारी होय.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 1969 पासून चालू असलेले तारापूरचे वीजकेंद्र पालघर जिल्ह्यात आहे. भट्टीभोवती 16 किलोमीटरांचा परिसर आपत्तीनियोजनाचा टापू मानला जातो, हद्दीबाहेरील आपत्तीची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात आणि ठरावीक मुदतीने सराव घेण्याचा शिरस्ता आहे. अणुऊर्जा खात्याची तज्ज्ञ पथके आहेत, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे. गावपातळीवरील माणसासाठी ‘आपदा मित्र’ योजना 2016 साली निघाली, पण तिचा भर पूर, दरड, चक्रीवादळ व भूकंप यांवर राहिला. आणि ते समजण्याजोगेही आहे, कारण ही संकटे दरसाल येतात. नागरी संरक्षण दल 1968 च्या कायद्यापासून आहे. म्हणजे माणसे नाहीत असे नव्हे. बोईसर-पालघरातील खासगी डॉक्टर, आश्रमशाळांतील परिचारिका, आशा कार्यकर्त्या, औषधविक्रेते यांना या एका विषयाशी जोडणारा दोरा तेवढा विरळ आहे.

आणि तो दोरा स्थानिकच असला पाहिजे, याला आपल्या इतिहासाचा आधार आहे. 1897 च्या प्लेगात पुण्यात घरझडतीसाठी गोरे सोजीर घातले गेले. रोग शोधण्याचे काम शास्त्राला धरून असूनही ते परक्यांच्या हातून, गणवेषाच्या जोरावर झाल्याने लोकांनी रोगी लपवले आणि संतापाचा भडका उडाला. त्याच शहरात टिळकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्लेगच्या इस्पितळात माणसे आपल्या पायांनी गेली, आणि रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचा त्याच साथीत अंत झाला. अंगावरून अनोळखी यंत्र फिरवून घ्यायचे आणि कपडे उतरवून द्यायचे, तर समोर आपल्या भाषेत, वारली पाड्यावर वारलीत, बोलणारे ओळखीचे माणूस असावे लागते. स्त्रियांच्या रांगेत तर स्त्रीच हवी.

यासाठी लागणारा खर्च फारसा नाही, पण तो सतत करावा लागतो, आणि आपल्या कारभारात हीच गोष्ट अवघड असते. मापक एकदा खरेदी करून कपाटात ठेवला की त्याच्या बॅटऱ्या गळतात, आणि त्याचे अंशांकन ठरल्या मुदतीत करून घेतले नाही तर तो दाखवतो त्या आकड्यावर विसंबता येत नाही. स्वयंसेवकांची यादी डॉक्टरांच्या बदल्यांमुळे वर्षभरात शिळी होते. माझी सूचना इतकीच की, ही दोन कामे, यादी ताजी ठेवणे आणि उपकरणे तपासून घेणे, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या नावे लेखी नेमून द्यावीत, त्यांचा तपशील तहसील कचेरीच्या पावसाळापूर्व आढाव्यात घ्यावा, आणि ठरावीक मुदतीच्या सरावात त्या यादीतील माणसांना खरोखरच दूरध्वनी करून किती जण किती वेळात बोईसरला पोहोचतात ते घड्याळ लावून पाहावे.